आयर्विनची पातळी आणि फ्लोचार्टमधली 'नाही'ची वाट

पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग वाढला की सांगलीत जो तो एकच विचारतो, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. समजा, ही पातळी घेऊन योग्य सूचना दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. नववीतल्या मुलालाही जमेल असं काम. तरी आधी कागद-पेन्सिल घेऊन फ्लोचार्ट, म्हणजे कामाचे टप्पे चौकटी आणि बाणांनी दाखवणारी आकृती, काढावा, असं माझं ठाम मत आहे.

खुणा मोजक्याच. सुरुवात आणि शेवट लांबटगोलात, माहिती घेणं-देणं समांतरभुज चौकोनात, हिशेब आयतात. प्रश्नाला मात्र शंकरपाळीचा आकार, आणि तिच्यातून दोन बाण निघालेच पाहिजेत: 'हो' आणि 'नाही'. फ्लोचार्टचा खरा उपयोग इथेच आहे. लिहिताना आपण 'हो'च्या बाजूनेच विचार करत सुटतो. कागदावर 'नाही'चा बाण अर्धवट लोंबकळत राहिला की तो लगेच डोळ्यांत खुपतो.

आता आकृती काढू. पहिला प्रश्न: पातळी 40 किंवा जास्त आहे का? हो असेल तर 'इशारा' दाखवा आणि थांबा. नाही म्हटलं तर दुसरा प्रश्न: 45 किंवा जास्त आहे का? हो असेल तर 'धोका'. वाचायला सगळं बरोबर वाटतं. पण 47 हा आकडा घेऊन बाणांवरून बोट फिरवा. पहिल्याच प्रश्नाला 'हो' मिळतं, 'इशारा' दिसतो आणि काम संपतं. 45 च्या प्रश्नापर्यंत पोचतात ते फक्त 40 च्या खालचे आकडे! म्हणजे नदी कितीही चढली तरी 'धोका' कधी दिसणारच नाही. कॉम्प्युटर याबद्दल एका शब्दानेही तक्रार करणार नाही, कारण व्याकरणात चूक नाही, चूक क्रमात आहे. 45 चा प्रश्न आधी विचारला की झालं.

पातळी दर तासाला तपासायची, तर शेवटून मागे जाणारा एक बाण लागतो. तो नेमका कुठे नेऊन जोडायचा? थेट प्रश्नाच्या शंकरपाळीला जोडला, तर प्रोग्राम तोच जुना आकडा पुन्हा पुन्हा तपासत बसेल; बाहेर पाणी वाढतंय आणि पडद्यावर 39 च. बाण पातळी घेण्याच्या चौकटीपर्यंत मागे न्यायला हवा.

आणखी एक खाच आहे. आपल्याकडे पातळी फूट-इंचात सांगतात. 44 फूट 9 इंच कुणी 44.9 असं भरलं आणि तासाभराने 44 फूट 11 इंच हे 44.11 असं भरलं, तर पाणी चढत असताना प्रोग्रामच्या मते ते उतरलं! म्हणून फूट आणि इंच वेगवेगळे घेऊन इंचांना 12 ने भागायची एक आयताकृती चौकट मध्ये हवी.

अशा आकृत्यांना मोठी परंपरा आहे. कामाचे टप्पे रेखाटण्याची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने 1921 मध्ये अभियंत्यांपुढे मांडली. ती कॉम्प्युटरसाठी वापरात आणली हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी, 1940 च्या दशकात. हजारो ओळींच्या प्रोग्रामचा अख्खा फ्लोचार्ट आज कुणी काढत नाही, आणि काढूही नये. बाणांचा नुसता गुंता होतो. पण जिथे निर्णय आहे, तेवढा तुकडा जरूर काढावा.

आकृती पुरी झाली की 39, 40, 44 फूट 11 इंच, 45 आणि 57 हे आकडे घेऊन एकेकदा बोट फिरवून बघा. शेवटी रिकामी नोंद घेऊनही फिरवा. रात्री आकडा आलाच नाही, तर रिकाम्या जागेला शून्य धरून 'सुरक्षित' दाखवणारा प्रोग्राम नदीकाठच्या घरांना चालणार नाही. 'नोंद आली का?' ही शंकरपाळी सगळ्यांच्या आधी हवी, आणि तिच्या 'नाही'च्या बाणावर 'माहिती उपलब्ध नाही' असं स्पष्ट लिहिलेलं हवं.