टी-बोन की पोर्टरहाऊस? आधी अंडरकट बघा

न्यूयॉर्कच्या जुन्या स्टेकहाऊसमध्ये पहिल्यांदा बसलं की मेनूवरची दोन नावं हमखास गोंधळात पाडतात. टी-बोन आणि पोर्टरहाऊस, दोन्ही बीफचेच स्टेक. दोन्हींत इंग्रजी ‘टी’सारखं तेच हाड, दोन्हीकडे हाडाच्या अल्याड-पल्याड मांस. मग पोर्टरहाऊसचे पैसे जास्त कशाचे?

अंडरकटचे. मुंबई-गोव्याकडचे खाटीक ज्याला अंडरकट म्हणतात, तेच अमेरिकेतलं टेंडरलॉइन. दोन्ही स्टेक बरगड्या संपल्यावर कमरेपर्यंत जो पाठीचा पट्टा असतो, त्यातलेच. ते ‘टी’ म्हणजे मधोमध चिरलेला मणका. त्याच्या एका अंगाला पाठीचा लांब स्नायू, म्हणजे स्ट्रिप. दुसऱ्या अंगाला अंडरकट. हा अंडरकट गाजरासारखा असतो, कमरेकडे जाड आणि बरगड्यांकडे निमुळता होत गेलेला. म्हणून पट्ट्याच्या मागच्या टोकाला पोर्टरहाऊस निघतं आणि पुढच्या टोकाला टी-बोन. अमेरिकी कृषी खात्याने मापही ठरवून दिलंय: अंडरकट किमान १.२५ इंच रुंद असेल तर पोर्टरहाऊस, किमान ०.५ इंच असेल तर टी-बोन.

एवढं कळलं की महागडं तेच चांगलं असं वाटू लागतं. मला ते पटत नाही. पोर्टरहाऊस कमरेच्या जितकं जवळचं, तितकी त्याच्या स्ट्रिपमध्ये चिवट शीर येण्याची शक्यता जास्त. चावून खायची, चरबीच्या चवीची स्ट्रिपच ज्याला आवडते त्याने खुशाल टी-बोन मागवावा. फक्त त्यातला अंडरकटचा इवलासा तुकडा स्ट्रिप शिजेपर्यंत कोरडा पडू शकतो, कारण त्यात चरबी कमी आणि आकारही लहान. चांगला आचारी ती बाजू आचेपासून दूर ठेवतो.

वाटून खायचं असेल तर मात्र पोर्टरहाऊसला तोड नाही. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमधलं पीटर लूगर १८८७ सालचं. तिथे मेनूवर पोर्टरहाऊस हे नाव शोधत बसू नका. ‘दोघांसाठी स्टेक’, ‘तिघांसाठी स्टेक’ असंच लिहिलेलं असतं. मांस त्यांच्याच जागेत थंड, कोरड्या हवेत मुरवलेलं असतं. स्टेक येतो तो कापूनच, फोडी पुन्हा हाडाला लावून. वेटर तापलेल्या थाळीच्या एका कडेखाली बशी उपडी घालतो, थाळी कलते आणि लोणी आणि मांसाचा रस खालच्या कडेला गोळा होतो. तो चमच्याने फोडींवर घालत वाढतात. मी म्हणेन, पहिली फोड अंडरकटची घ्या, लगेच दुसरी स्ट्रिपची. एक दाताखाली विरघळते, दुसरी चावावी लागते पण चव मागे ठेवून जाते. एकाच हाडाची ही दोन मांसं लागोपाठ खाल्ल्याशिवाय पोर्टरहाऊस कशासाठी घ्यायचं ते कळत नाही.

एकटे असाल तर एवढ्या मोठ्या थाळीच्या वाटेला जाऊ नका.

आणि मेलबर्नमधल्या मंडळींनी हा हिशेब तिकडे लावू नये. ऑस्ट्रेलियात पोर्टरहाऊस मागवलं तर बिनहाडाची स्ट्रिप येते. अंडरकट त्यात नसतोच.