डीव्हीडी उतरवणे : सॉफ्टवेअरची निवड

घरातल्या व्हिडिओ डीव्हीडींवरील चित्र, आवाज व उपशीर्षके लॅपटॉपवरील फाइलमध्ये घेण्याची क्रिया. बोलण्यात ‘रिप करणे’. यात मुळात दोन कामे आहेत : तबकडी वाचून मजकूर जसाच्या तसा उतरवणे आणि नंतर तो दाबून लहान करणे. दोन्ही एका बटणात उरकणारी सॉफ्टवेअरे सोयीची वाटतात खरी, पण दाबताना सेटिंग चुकले तर तबकडी पुन्हा शोधून पुन्हा वाचावी लागते. संग्रह मोठा असेल तर कामे वेगळी ठेवलेलीच बरी.

निवड तबकडीच्या जातीवर ठरते. एकपदरी डीव्हीडीत 4.7 जीबी, दुपदरीत 8.5 जीबी मावतात. चित्र एमपेग-2 पद्धतीचे असते. पाल (भारत-युरोपातील टीव्ही पद्धत) तबकडीत 720 × 576, एनटीएससीत (अमेरिका-जपानमधील) 720 × 480. लग्न-मुंजीच्या तबकड्यांना कॉपी अडवणारे कुलूप नसते. त्यांतील ‘व्हिडिओ_टीएस’ हे फोल्डर सरळ कॉपी होते. मात्र त्यातल्या चित्र-आवाजाच्या व्हीओबी फाइली प्रत्येकी 1 जीबीच्या आत तोडलेल्या असतात. त्या नुसत्या एकापुढे एक जोडल्या तर वेळेचा हिशेब बिघडून आवाज ओठांच्या मागे पडू शकतो.

विकत घेतलेल्या चित्रपटांवर बहुधा सीएसएस नावाचे 40-बिटी कुलूप असते. त्याच्या किल्ल्यांचा एक भाग तबकडीच्या आरंभीच्या, फाइल म्हणून न दिसणाऱ्या पट्ट्यात असतो. म्हणून साधी कॉपी झाली तरी पडद्यावर रंगीत चौकटींचा चिवडा दिसतो. हे कुलूप 1999 मध्येच फुटले, पण कायदा वेगळा. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम 52 खाजगी वापरातील उचित व्यवहाराला जागा देते, तर 2012 च्या दुरुस्तीतील कलम 65अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते. अमेरिकेतील 1998 चा कायदा अधिक कडक असून तिथे चित्रपटाच्या खाजगी प्रतीलाही सरसकट सूट नाही.

उतरवण्यासाठी मेकएमकेव्ही हे पहिले साधन. विंडोज, मॅक व लिनक्सवर चालते, डीव्हीडीपुरते मोफत आहे. ते चित्राला हात न लावता एमकेव्ही (चित्र, आवाज, उपशीर्षके एकत्र ठेवणारी) फाइल बनवते. तबकडीवर भाग 6 जीबीचा असेल तर फाइलही तेवढीच. म्हणजे शंभर चित्रपटांना 500-600 जीबी धरून 1 टीबीची बाहेरची डिस्क घ्यावी. यादीत वीस-पंचवीस ‘टायटल’ (तबकडीवरील स्वतंत्र भाग) दिसले तर कालावधी पाहून मुख्य चित्रपट निवडावा. सारख्याच लांबीची डझनावारी टायटल दिसली, तर ती कॉपी अडवण्यासाठी पेरलेली फसवी नोंद समजावी.

दाबण्यासाठी हँडब्रेक. 2003 पासूनचे हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतः कुलूप काढत नाही, म्हणून ‘हँडब्रेक तबकडी वाचत नाही’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. एच.264 ही दाबण्याची पद्धत निवडून आरएफ (दर्जाचा आकडा) 18 ते 22 मध्ये ठेवावे. आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी. 20 ला दोन तासांचा चित्रपट साधारण 1 ते 1.5 जीबीत बसतो, चित्रात दाणे फार असतील तर जास्त. चित्र फुगवून 1080 करण्यात अर्थ नाही. नसलेला तपशील कुठून येणार? उपशीर्षके डीव्हीडीवर अक्षरे नसून छोटी चित्रे असतात. ती चालू-बंद करता यावीत म्हणून एमकेव्ही ठेवावे. एमपी4 मध्ये ती बहुधा चित्रातच कोरावी लागतात.

लग्नाच्या चित्रीकरणात आणखी एक गोम : ते बहुधा इंटरलेस्ड (प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेले) असते. वरातीत नाचणाऱ्याचा हात हलला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. तिथे ‘यादिफ’ किंवा ‘डीकोम्ब’ गाळणी ‘बॉब’वर (प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी चौकट) लावली की पाल चित्रीकरण सेकंदाला 50 चौकटींचे होऊन नाच सलग दिसतो.

मराठी संग्रहात डीव्हीडी समजून ठेवलेल्या व्हीसीडीही (सीडीवरील व्हिडिओ) बऱ्याच निघतात. नाटके तर हमखास. त्यात ‘एमपेगएव्ही’ फोल्डर व त्यात ‘डॅट’ फाइल दिसते. मेकएमकेव्ही ती उघडत नाही. डॅट फाइल कॉपी करून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालवून पाहावी. कॉपी अडली तर लिनक्सवरील ‘व्हीसीडीएक्सरिप’ वापरावे. चित्र मुळात 352 × 288 चे असल्याने पुन्हा दाबण्याने फारसे साधत नाही.

‘फ्री’ म्हणून उतरवलेली अनेक व्यापारी सॉफ्टवेअरे पहिली काही मिनिटेच रूपांतरित करतात किंवा चित्रावर शिक्का मारतात. पैसे भरण्याआधी पूर्ण चित्रपट काढून पाहावा.

वाचन अडण्याचे कारण बहुतेकदा सॉफ्टवेअर नसून तबकडी वा ड्राइव्ह असतो. यूएसबी ड्राइव्ह हबवर लावला की वीज कमी पडून टिकटिक करत सुटतो. थेट लॅपटॉपला जोडावा. बहुतेक दुपदरी चित्रपटात वाचन आतून कडेला जाते व दुसऱ्या पदरावर कडेहून आत येते, त्यामुळे कडेवरच्या बोटांच्या ठशांनी चित्रपट मध्यावर अडतो. मऊ ओल्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल नव्हे. बिनकुलपाची जुनी तबकडी तरीही अडली तर ‘डीडीरेस्क्यू’ने 2048 बाइटच्या ठोकळ्यांनी अख्ख्या तबकडीची प्रतिमा (हुबेहूब प्रत) घ्यावी, ते चांगला भाग आधी उचलते, खराब जागा नंतर पुन्हापुन्हा चाचपते. ड्राइव्हचा प्रदेश-क्रमांक (कोणत्या भागातल्या तबकड्या चालतील हे ठरवणारा, भारताचा 5) पाचदाच बदलता येतो, परदेशी तबकडी घालताना हे लक्षात असावे.

फाइल तयार झाली की तिची लांबी वेष्टनावरील कालावधीशी ताडावी आणि मध्य व शेवटची पाच मिनिटे चालवून पाहावीत.