गुडघा कधी सुजला?

पुण्यात गुडघा दुखावण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. कबड्डी-फुटबॉलचं मैदान, पहिल्या पावसात घसरलेली दुचाकी आणि रविवारी सिंहगड उतरताना पायाखालून सरकलेला दगड. त्यानंतरचा क्रमही ठरलेला: मलम, गरम पट्टा, कुणीतरी सुचवलेलं मालिश, आणि तरीही दुखतंय म्हणून थेट एमआरआय. खरं तर बहुतेक निदान एमआरआयच्या आधीच्या दोन प्रश्नांत असतं. पाय नेमका कसा वळला? आणि सूज किती वेळात आली?

दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला असेल तर सांध्यात रक्त साचलंय असं धरून चालावं. तरुण खेळाडूत त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एसीएल, म्हणजे सांध्याच्या आतलं पुढचं लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा), तुटणं. त्याला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे ते तुटलं की लगेच रक्तस्राव होतो. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली तर संशय मेनिस्कसवर, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधल्या गादीवर जातो. गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. ती फाटली की सांध्याचं अस्तर चिडतं आणि सावकाश पाणी भरतं. फुगलेल्या गुडघ्यातून सुईने काढलेल्या रक्तावर तेलकट तवंग दिसला, तर तो हाडाच्या मगजातला मेद असतो. म्हणजे कुठेतरी हाड मोडलंय, एक्स-रेत दिसत नसलं तरी.

एसीएल तुटायला धक्का लागावाच लागतो असं नाही. पाय जमिनीवर रोवलेला असतो, रेडर अंगाला हिसका देऊन वळतो आणि आत 'कट्' असा आवाज होतो. फसगत पुढे होते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, सरळ चालता येतं, घरचे म्हणतात बरा झाला. मग मॅटवर पहिल्याच वळणाला गुडघा निसटतो. असा प्रत्येक झटका गादी थोडी थोडी चिरत जातो, म्हणून 'चालता येतंय ना?' हा प्रश्न इथे कामाचा नाही.

तपासणी साधी असते. रुग्ण उताणा, गुडघा 20 ते 30 अंश वाकवलेला. डॉक्टर एका हाताने मांडी घट्ट धरतात आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात. दुसऱ्या पायापेक्षा ती जास्त पुढे आली आणि शेवटी टणक अटकाव जाणवला नाही, तर एसीएल गेलं. पण ताज्या दुखापतीत वेदनेमुळे मांडीमागचे स्नायू आवळलेले असतात आणि नडगी हलतच नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी 'सगळं ठीक' म्हटलं, तरी सात-दहा दिवसांनी पुन्हा हात लावून बघायलाच हवं.

एक्स-रे कधी काढायचा, याचे नियम 1990च्या दशकात कॅनडातल्या ओटावात तयार झाले. वय 55 किंवा त्याहून जास्त, फक्त वाटीवर दुखणं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली असलेल्या हाडाच्या गाठीवर दुखणं, गुडघा 90 अंश न वाकणं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता न येणं. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे. लिगामेंट त्यात दिसत नाही, ते एमआरआयचं काम.

दुचाकीवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडलात तर नडगी मागे ढकलली जाते आणि मागचं लिगामेंट दुखावतं. ते बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय निभावतं. आतल्या बाजूचं लिगामेंटही साधारणपणे चार-सहा आठवडे बिजागरीचा ब्रेस लावून जुळतं. थांबू नये असे प्रसंग वेगळेच. सरळ पाय उचलताच येत नसेल तर वाटी किंवा तिचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. पाऊल गार किंवा बधिर पडलं असेल तर रक्तवाहिनी दबली असण्याची शक्यता असते आणि पाय वाचवायला सहा-आठ तासच हाती असतात. तिसरा प्रसंग अडकलेल्या गुडघ्याचा: गादीचा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मध्ये बसतो, पाय सरळ होत नाही. जोर लावून तो 'मोकळा' करायला जाऊ नका.

पहिले दोन दिवस शेक आणि मालिश नको. कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी; इलॅस्टिक बँडेज; पाय उंच. उशी मात्र टाचेखाली घ्या. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपलं की बरं वाटतं, पण सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पूर्ण सरळ करायला पुढे महिने जातात. सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू जणू बंदच पडतो. म्हणून दुखणं सोसवेल तितपत, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबायची, दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा.

एसीएलची शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. वळण-उडीचे खेळ सोडायला तयार असलेला, ज्याचा गुडघा निसटत नाही असा माणूस व्यायामावर भागवू शकतो. केलीच, तर मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ग्राफ्ट म्हणून बसवतात. तो पहिल्या काही महिन्यांत मजबूत व्हायच्या आधी कमजोर होतो, नेमका तेव्हाच रुग्णाला एकदम छान वाटायला लागतं. नऊ महिन्यांच्या आत आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के झाल्याशिवाय खेळू नये.

पन्नाशीनंतर हिशेब बदलतो. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गादी फाटलेल्या 61 टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. 2013 साली फिनलंडच्या डॉक्टरांनी झिजून फाटलेल्या गादीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि तिचं नुसतं नाटक यांची तुलना केली; वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच. त्यामुळे पर्वती उतरताना गुडघा कुरकुरतो म्हणून काढलेल्या एमआरआयमध्ये 'टेअर', म्हणजे गादी फाटलेली, असं लिहिलेलं दिसलं, तर आधी तीन महिने मांडीचे आणि कमरेचे व्यायाम, चार-पाच किलो वजन कमी, उतारावर हातात काठी. गुडघा अडकत असेल तर मात्र हे लागू नाही. तेव्हा सर्जनला दाखवायचं.