बाईचं बोलणं बाईच्या तोंडी येईपर्यंत

पुण्यात हल्ली एखाद्या छोट्या हॉलमध्ये पाळी, लग्नातली जबरदस्ती, बाईची इच्छा असल्या विषयांवर बायकांचा गट नाटक करतो तेव्हा नंतरच्या चर्चेत कुणीतरी म्हणतंच, की आमच्या वेळी रंगभूमीवर असलं काही नव्हतं. मला ते पटत नाही. विषय होते, फार आधीपासून होते, फक्त बोलायचे पुरुष.

सुरुवात करायची तर १८८२ पासून करू. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेने मूल मारलं म्हणून खटला झाला आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं, त्यावर चिडून ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. छापलं पुण्यातच. फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेही इथेच, म्हणजे विधवेचं गरोदरपण ही इथल्या घराघरांत माहीत असलेली गोष्ट होती. पण नाटकात काय आलं? १८८६ ची कानिटकरांची 'तरुणी शिक्षण नाटिका', शिकलेल्या बाईची टिंगल करणारी! पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा झालं, त्याला पुण्यातून टिळकांचा केवढा विरोध होता हे शाळेत शिकवत नाहीत. १८९९ मध्ये देवलांची 'शारदा' आली, म्हाताऱ्याला दिली जाणारी कोवळी मुलगी. नाटक मनापासूनचं आहे, पण शारदा उभी करायचा तो स्त्रीपार्ट करणारा मुलगाच, कारण घरंदाज बाईने स्टेजवर पाय ठेवायचा नाही. (१९२९ च्या बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्याचं नाव या नाटकावरून पडलं असं बरेच जण सांगतात, ते चूक, ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून.)

आणि त्याच काळात तमाशाच्या बायका शरीराबद्दल उघड गात होत्याच की. पुढे पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात लावणी व्हायची, समोर पुरुष बसायचे. म्हणजे बाईने हे बोलायचं तर 'तसल्या' बाईने बोलायचं आणि तेही शाहिराने लिहून दिलेलं, ही वाटणी पक्की होती. तिचा राग मला अजून येतो.

१९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली, कोर्टात जाऊन ती उठवावी लागली, आणि लालन सारंगांची चंपा बघून लोक हादरले कारण नवऱ्याने केलेले हाल ती रडत सांगत नाही, शिव्या घालत सांगते. पण लेखणी परत पुरुषाचीच.

खरा बदल नाट्यगृहाच्या बाहेर झाला. १९७९ मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात पोलीस सुटले, त्या निकालावर सुप्रीम कोर्टाला चौघा कायदेतज्ज्ञांनी उघड पत्र लिहिलं, त्यातल्या वसुधा धागमवार पुण्याच्या. १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूने शहर हललं आणि विद्या बाळ वगैरे मंडळींनी नारी समता मंच उभा केला. १९८३ मध्ये मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' आलं आणि गावोगाव, वस्त्यांत, मैदानांत झालं. नेपथ्य नाही, मोठा खर्च नाही, त्यामुळे ते जिथे बायका होत्या तिथे गेलं. तिकीट काढून रात्री साडेनऊच्या प्रयोगाला कुठली धुणीभांडी करणारी बाई येणार होती?

सुषमा देशपांडेंनी १९८९ मध्ये 'व्हय, मी सावित्रीबाई' सुरू केलं, नंतर तमाशातल्या बायकांशी बोलून 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड'. यात चिरा उतरवण्यापासून (म्हणजे पैसे घेऊन मुलीचा पहिला शरीरसंबंध ठरवण्यापासून) मालकापर्यंत, म्हणजे तिला ठेवणाऱ्या पुरुषापर्यंत, सगळं तमाशातली बाई स्वतः सांगते. शंभर वर्षं जिला नुसतं बघितलं ती आता समोर बघून बोलतेय, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

मग शब्दांचा प्रश्न. अमेरिकेत ईव्ह एन्स्लरने बायकांच्या मुलाखतींतून १९९६ मध्ये केलेलं नाटक वंदना खरे यांनी मराठीत 'योनीमनीच्या गुजगोष्टी' म्हणून आणलं. कीर्तनात चौऱ्याऐंशी लक्ष योनी ऐकताना कुणी मान खाली घालत नाही, पण तोच शब्द स्वतःच्या शरीरासाठी उच्चारायला जीभ अडते. आपल्याकडे कावळा शिवला, बाहेरची झाले, अडचण आहे, खालची जागा असं करत करत पिढ्या गेल्या, डॉक्टरसमोरसुद्धा बोट दाखवायचं. अंधारात शेजारणीबरोबर बसून तो शब्द ऐकला की घरी निदान लेकीशी बोलताना तोंड उघडतं.

सांगलीकडच्या व्हॅम्पच्या, म्हणजे धंदा करणाऱ्या बायकांच्या संघटनेच्या, बायकांनी तर देशपांडेंच्याच दिग्दर्शनात आपलं नाटक केलं, घरवाली म्हणजे कोठा चालवणारी बाई, मालक, मालकाची बायको, पोरं सगळं त्यात, आणि कामं स्वतःच केली. पुण्यात बुधवार पेठ भरत नाट्य मंदिरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, तिथे १९९८ पासून सहेली संघ हे अशाच बायकांचं संघटन काम करतंय. त्या गल्ल्यांवर लिहिलेलं आपण पुष्कळ वाचलंय, तिथल्या बाईने स्वतः उभं राहून सांगितलेलं ऐकायला मला भरतच्या पहिल्या रांगेत बसायचंय.