बदामी (वातापी)

कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. चालुक्य घराण्यातील राजा पहिल्या पुलकेशीने इ. स. ५४३ मध्ये येथल्या डोंगरावर किल्ला बांधला. मधला पल्लवांच्या ताब्याचा काळ सोडला, तर पुढची सुमारे दोनशे वर्षे चालुक्यांची राजधानी येथेच होती. जुने नाव वातापी. अगस्त्य ऋषींनी पोटात जिरवलेल्या वातापी राक्षसाची कथा याच ठिकाणाशी जोडतात. गावाला लागून, दोन डोंगरांच्या मधोमध असलेल्या तळ्यालाही अगस्त्यतीर्थ असे म्हणतात.

मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लेणी म्हटली की सह्याद्रीचा काळा कातळ येतो. बदामीचा दगड तांबूस वालुकाश्म आहे. तो छिन्नीला लवकर वश होतो, आणि त्यात निसर्गाने ओढलेले फिके-गडद पट्टे मूर्तींच्या अंगावरूनही फिरलेले दिसतात. दक्षिणेकडच्या डोंगरात चार लेणी कोरलेली आहेत आणि ती पायऱ्यांच्या एकाच वाटेने जोडलेली आहेत. पहिले लेणे शिवाचे, दुसरे आणि तिसरे विष्णूचे, चौथे जैन.

पहिल्या लेण्याच्या दर्शनी बाजूला अठरा हातांचा नटराज आहे. दुसऱ्यात त्रिविक्रम आणि वराह. तिसरे लेणे चारांत सर्वांत मोठे. चालुक्य राजा कीर्तिवर्म्याचा भाऊ मंगलेश याने ते इ. स. ५७८ मध्ये पुरे करवले. तेथल्या शिलालेखात शक ५०० असा स्पष्ट उल्लेख असल्याने या काळातील शिल्पांचा कालक्रम लावताना अभ्यासकांना पक्का आधार मिळाला. शेषाच्या वेटोळ्यावर ऐसपैस बसलेला विष्णू येथेच पाहायला मिळतो. शेषशायी रूपाची सवय असलेल्या नजरेला तो वेगळाच वाटतो. छताजवळ रंगचित्रांचे पुसट अंश उरले आहेत.

चौथे लेणे सर्वांत लहान. तिसऱ्याने दिपून गेलेले प्रवासी येथे दोन मिनिटे डोकावून माघारी फिरतात, हे फार वाईट. ओवरीच्या एका टोकाला नागफणांच्या छत्राखाली पार्श्वनाथ उभा आहे, दुसऱ्या टोकाला बाहुबली. बाहुबलीच्या पायांवर वेली चढल्या आहेत, पायाशी साप आहेत, आणि चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. श्रवणबेळगोळची महाकाय मूर्ती दहाव्या शतकातली. हा बाहुबली तिच्या कितीतरी आधीचा. खांबांवर आणि भिंतींवर तीर्थंकरांच्या लहान मूर्ती दाटीने कोरल्या आहेत. त्यांतल्या अनेक नंतरच्या काळात भरल्या गेल्या, म्हणजे चालुक्यांची राजधानी गेल्यावरही हे स्थान पूजेत होते. शैव, वैष्णव आणि जैन ही तिन्ही कामे एकाच कड्यात, एकाच कारागिरीच्या परंपरेत झाली आहेत. खांबांची घडण आणि कंगोरे सावकाश ताडून पाहिले, की हे कोणी सांगावे लागत नाही.

तळ्याच्या पूर्व टोकाला भूतनाथाची देवळे पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी उभी आहेत. उत्तरेच्या डोंगरावर किल्ला, वरचे व खालचे शिवालय आणि मालेगित्ती शिवालय आहे. हा किल्ला मराठ्यांनी १७८६ मध्ये टिपूकडून जिंकला होता. तळ्याच्या घाटावर बायका कपडे धुतात. धोपटण्याचा आवाज कड्यांवर आपटून परत येतो आणि लेण्यांपर्यंत ऐकू जातो. माकडे फार आहेत. हातात खाऊ धरून पायऱ्या चढू नये.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना बदामी ठाऊक आहे ती बनशंकरीमुळे. गावापासून सुमारे ५ किलोमीटरवर चोळचगुड्ड येथे शाकंभरीचे, म्हणजे बनशंकरीचे, देऊळ आहे आणि ती अनेक मराठी कुटुंबांची कुलदेवता आहे. पौषात शाकंभरी नवरात्र बसते, देवीला एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात आणि पौर्णिमेपासून मोठी जत्रा भरते. ओटीतला खणही बहुधा याच भागातला असतो, कारण खणांसाठी नावाजलेले गुळेदगुड्ड जवळच आहे आणि इरकल साडीचे इलकल याच जिल्ह्यात. देवळासमोर बायका टोपल्यांतून ज्वारीच्या कडक भाकऱ्या, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि मडक्यातले दही विकतात. झाडाखाली बसून हे जेवण जेवायलाच हवे. कुलाचाराला आलेली मंडळी ओटी भरून दुपारीच परतीला लागतात आणि पाच किलोमीटरवरची लेणी पिढ्यानपिढ्या न पाहता राहतात. त्यांनी एक मुक्काम वाढवावा, असे मनापासून वाटते.

दुसरा दिवस मलप्रभेच्या खोऱ्यासाठी ठेवावा. सुमारे २२ किलोमीटरवर पट्टदकल. त्याला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने बांधवलेले विरूपाक्ष मंदिर येथे आहे. वेरूळच्या कैलासाची मांडणी त्यावरून घेतली, असे अभ्यासक मानतात. मुख्य समूहापासून थोडे दूर राष्ट्रकूटकालीन जैन मंदिर आहे.

तेथून पुढे ऐहोळे. गावामागच्या टेकडीवर मेगुती हे जैन मंदिर आहे. चढण थोडी, पण उन्हाची. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर दुसऱ्या पुलकेशीचा, इ. स. ६३४ चा प्रशस्तिलेख आहे. तो रचणारा रविकीर्ती स्वतः जैन होता आणि कालिदास व भारवी यांच्या तोडीची कीर्ती आपण मिळवली, असे तो अभिमानाने सांगतो. त्यामुळे त्या दोघा कवींच्या काळाला एक निश्चित अलीकडची मर्यादा मिळाली. याच लेखात पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा अधिपती झाला, असे म्हटले आहे. आपल्या प्रदेशाचे नाव इतक्या जुन्या दगडावर बोट ठेवून वाचता येते, यासाठी तरी मेगुतीची टेकडी चढावी.

सोलापूरकडून होटगी–विजयपूर–बागलकोट–गदग या लोहमार्गाने बदामीला जाता येते. स्थानक गावापासून सुमारे ५ किलोमीटर दूर आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात दगड इतका तापतो की दुपारी पाय टेकवत नाही. तळ्याकाठच्या पुरातत्त्व संग्रहालयात लज्जागौरीची देखणी मूर्ती आहे, मात्र ते शुक्रवारी बंद असते.