‘क, ॲ, ट’ म्हणूनही मूल ‘कॅट’ का वाचत नाही?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. ‘सी-ए-टी कॅट’ या घोकंपट्टीच्या जागी अनेक वर्गांत आता ‘क, ॲ, ट’ ऐकू येते आणि यालाच फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याची पद्धत, म्हणतात, असा समज झाला आहे. अक्षराच्या नावाऐवजी त्याचा आवाज शिकवणे योग्यच आहे. पण इथे शिकवला जाणारा आवाज इंग्रजी अक्षराचा नसतो, देवनागरी अक्षराचा असतो.

आपला ‘क’ म्हणजे ‘क्’ आणि त्यात मुरलेला ‘अ’. इंग्रजी सी फक्त ‘क्’ दाखवते. ‘क, ॲ, ट’ असे सुटे म्हटले की मुलाच्या कानावर क्, अ, ॲ, ट्, अ असे पाच आवाज पडतात. ते कितीही भरभर म्हटले तरी ‘कॅट’ होत नाही. मग मूल शेजारच्या चित्रातले मांजर बघून उत्तर देते आणि त्याला वाचता येते असे आपण धरून चालतो.

‘अ गाळून म्हणा’ एवढ्या सूचनेने भागत नाही, कारण अडचण उच्चाराच्या यंत्रणेतच आहे. स्, म्, न्, ल् हे आवाज श्वास पुरेल तोवर ताणता येतात: ‘स्स्स्स’, ‘म्म्म्म’. प्, ट्, क् म्हणताना हवेची वाट क्षणभर पूर्ण बंद होते आणि मग कोंडलेली हवा सुटते. त्या वेळी स्वरतंतू कंप पावत नसल्याने हे आवाज नुसते कुजबुजून, ‘अ’शिवाय काढता येतात. खरी पंचाईत ब्, ड्, ग् यांची. यांत स्वरतंतूंचा कंप हवा, आणि कंपासाठी फुफ्फुसातून वर हवा वाहत राहायला हवी. पण तोंडाची वाट बंद असते. तोंडात हवा साठते, स्वरतंतूंच्या खालचा आणि वरचा दाब जवळपास सारखा होतो, प्रवाह थांबतो आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात कंपही थांबतो. गळ्यावर बोट ठेवून, ओठ न उघडता ‘ब्ब्ब’ लांबवून पाहा: गाल फुगतात आणि बोटाखालची थरथर विझते. ऐकू जावे म्हणून ओठ उघडले की आवाजाबरोबर स्वर निसटतोच. म्हणजे स्वच्छ, एकटा आणि मोठ्याने ‘ब्’ म्हणणे पट्टीच्या निवेदकालाही जमणार नाही.

म्हणूनच इंग्लंडमधल्या अनेक अभ्यासक्रमांत सुरुवात ए-बी-सी-डीने होत नाही, एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी होते. दोन ताणता येणारी व्यंजने, दोन कुजबुजता येणारी आणि दोन स्वर. बी, डी, जी नंतर येतात. या सहांत सॅट, सिप, नॅप, पिन, टॅप, टिन असे बरेच शब्द होतात. आधी एस किंवा एनने सुरू होणारे घ्यावेत. अक्षरांखालून बोट सरकवत, मध्ये न थांबता, ‘स्स्सॅॅॅट्’ असे वाचावे. दोन आवाजांमध्ये थांबलात की ‘अ’ परत घुसतो.

‘टॅप’, ‘पिन’ यांत पहिला आवाज ताणता येत नाही. इथे आपली बाराखडी कामाला येते. ‘ट’ला ॅ लावून ‘टॅ’ एका दमात म्हणायचे मराठी मुलाला जमते. पुढे नुसते ‘प्’ने तोंड मिटायचे. ॲ आणि ऑ हे स्वर शासनाने २००९च्या निर्णयाने वर्णमालेतच घेतले आहेत. शब्दाच्या शेवटी व्यंजन तोडणेही मुलाला नवे नाही. ‘घर’, ‘कान’ आपण लिहितो पूर्ण, बोलतो मात्र ‘घर्’, ‘कान्’. म्हणून अक्षरे दाखवण्याआधी रोज पाच मिनिटे तोंडी खेळ घ्यावा: ‘का… न्’ जोडून काय झाले? ‘कान’मधला शेवटचा आवाज कोणता?

आवाज असे सुटे करणे निसर्गतः येत नाही. पोर्तुगालमधल्या १९७९च्या एका अभ्यासात निरक्षर प्रौढांना शब्दातला पहिला आवाज काढून टाकणे फारसे जमले नाही; मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना ते बरेच चांगले जमले. कन्नड शिकणाऱ्या मुलांतही व्यंजन आणि स्वर वेगळे करण्याची जाण सावकाश येते असे आढळले आहे, कारण त्या लिपीतही अक्षर म्हणजे बहुधा व्यंजन आणि स्वर एकत्र. ‘कान’चा पहिला आवाज ‘का’ असे सांगणारे मूल मठ्ठ नसते. लिपीने त्याला तेच शिकवलेले असते.

वाचनाचा विषय आहे म्हणून एक इशारा. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांवर पैसे घालवू नका. मूल नाकाशेजारच्या फटीतून बघत असते. फट नीट बुजवली की वाचन बंद पडते. दोन वर्षांच्या मुलाला फोनिक्सने ‘जीनियस’ करणाऱ्या जाहिरातीही तितक्याच पोकळ आहेत.

मूल खरेच वाचते की अंदाज बांधते, हे ओळखायला अर्थहीन शब्द द्यावेत. इंग्लंडमध्ये २०१२पासून साधारण सहा वर्षांच्या मुलांची चाळीस शब्दांची चाचणी होते. त्यातले वीस शब्द बनावट असतात. कागदावर इंग्रजीत ‘नॅस’ लिहा. मुलाने ‘नॅप’ म्हटले तर ते शेवटच्या अक्षरापर्यंत पोचलेलेच नाही.

‘शिप’ आणि ‘शीप’ मात्र आपल्याकडे वेगळे शिकवावे लागतात, कारण मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकाराने सहसा अर्थ बदलत नाही. शिवाय ‘वॉज’, ‘सेड’ यांसारखे शब्द अक्षरांच्या नेहमीच्या आवाजांना जुमानत नाहीत. ते आठवड्याला एक-दोन असे लक्षात ठेवायला द्यावेत. आणि इंग्लंडमधल्या मुलाने ‘टॅप’ जुळवून वाचला की ओळखीचा शब्द त्याच्या कानावर पडतो. आपल्या मुलाला तो शब्द मुळात माहीतच नसतो. म्हणून धड्यातला प्रत्येक शब्द वाचायला देण्याआधी तोंडी यायला हवा: नळ दाखवा, ‘टॅप’ म्हणा, मुलांकडून म्हणवून घ्या आणि मगच फळ्यावर लिहा.