इंटरनेटचा वेग आणि संगणकातील सेटिंग्ज : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सेवापुरवठादाराकडून घेतलेल्या योजनेपेक्षा अधिक वेग संगणकातील कोणत्याही सेटिंगने मिळत नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. मात्र घरात आलेला वेग संगणकापर्यंत पूर्ण पोहोचतोच असे नाही, आणि वाटेतील हा अडथळा पुष्कळदा सेटिंग्ज तपासून दूर करता येतो. या पत्रकातील सूचना विंडोज ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. आधीच्या आवृत्त्यांत काही पर्यायांची जागा वेगळी असू शकते.

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी सध्याचा वेग मोजून लिहून ठेवावा. त्या वेळी घरातील इतर उपकरणांवरील डाउनलोड आणि व्हिडिओ बंद असावेत, आणि शक्य असल्यास संगणक राउटरला केबलने जोडून एकदा व वाय-फायवर एकदा मोजणी करावी. आकडे वाचताना एकक पाहणे आवश्यक आहे. योजनेतील वेग मेगाबिट प्रति सेकंद असा सांगितला जातो, तर डाउनलोड होत असलेल्या फाइलचा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्यामुळे १०० मेगाबिटच्या योजनेवर फाइल जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट प्रति सेकंद वेगाने उतरते. हे लक्षात न घेतल्याने उत्तम चालणाऱ्या जोडणीबद्दलही तक्रार केली जाते.

केबलवर वेग चांगला आणि वाय-फायवर कमी आढळल्यास संगणक कोणत्या बँडवर (म्हणजे वाय-फायच्या कोणत्या लहरींच्या पट्ट्यावर) जोडला गेला आहे ते पाहावे. २.४ गिगाहर्ट्‌झचा बँड भिंतींपलीकडे दूरवर पोहोचतो, पण तो गर्दीचा असतो; शेजारचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचा त्यावर परिणाम होतो. ५ गिगाहर्ट्‌झचा पल्ला कमी असला तरी राउटरजवळ तोच अधिक वेग देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडून अ‍ॅडव्हान्स्ड विभागात ‘प्रीफर्ड बँड’ असा पर्याय असल्यास तेथे ५ गिगाहर्ट्‌झला प्राधान्य देता येते. त्याच खिडकीत पॉवर मॅनेजमेंटचा विभाग असल्यास, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी खूण काढून टाकावी. अधूनमधून तुटणारी जोडणी एवढ्यानेही सुधारू शकते. राउटरच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असा जुना ठेवलेला असेल, तर वाय-फायच्या नव्या पद्धतींचा वेग मिळत नाही आणि जोडणी ५४ मेगाबिटांच्या जुन्या मर्यादेत अडकते. तेथे डब्ल्यूपीए-२ सोबत एईएस, किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे.

केबलची जोडणी तपासण्यासाठी ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या विभागात इथरनेट उघडून ‘लिंक स्पीड’ वाचावा. राउटर आणि संगणक दोन्ही गिगाबिट क्षमतेचे असूनही तेथे १०० मेगाबिट दिसत असेल, तर प्रथम केबल बदलून पाहावी, कारण गिगाबिटसाठी केबलमधील आठही तारा लागतात आणि एखादी तुटलेली असल्यास जोडणी चार तारांवर खालच्या वेगाने चालू राहते. केबल ठीक असेल, तर कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड विभागात ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हा पर्याय ‘ऑटो निगोशिएशन’वर आहे याची खात्री करावी.

आमच्या मते सर्वांत आधी पाहण्याजोगी, तरीही हमखास दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे पार्श्वभूमीत चाललेली कामे. टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडल्यास नेटवर्क विभागात कोणता प्रोग्राम किती डेटा पाठवतो व घेतो हे स्पष्ट दिसते. क्लाउडवर छायाचित्रे चढवणारा प्रोग्राम अपलोडची सारी क्षमता व्यापून टाकत असेल, तर डाउनलोडही मंदावते, कारण माहिती मिळाल्याची पोच त्याच वाटेने परत जावी लागते. अशा प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये अपलोडची मर्यादा घालावी. विंडोज अपडेटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे. इंटरनेटवरील इतर संगणकांशी अपडेटची देवाणघेवाण तेथून बंद करता येते आणि अपडेट उतरवण्याच्या वेगावर मर्यादाही ठेवता येते. इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारा व्हीपीएन किंवा प्रॉक्सी गरज नसताना सुरू राहिला असेल, तर तो मात्र सरळ बंद करावा.

डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा, बदलण्याचा सल्ला फार दिला जातो. १.१.१.१ किंवा ८.८.८.८ असे सर्व्हर वापरल्याने संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याचा वेळ कमी होऊ शकतो, त्यामुळे पाने उघडायला लवकर सुरुवात होते. मोठी फाइल उतरण्याचा वेग त्याने वाढत नाही.

काही उपाय आम्ही ग्राहकांना करू देत नाही. विंडोज २० टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवते आणि तो मोकळा करावा लागतो, हा समज चुकीचा आहे. ती मर्यादा राखीव वेग मागणाऱ्या प्रोग्रामांपुरतीच असते आणि कोणी मागणी केली नसेल तेव्हा सारा वेग सर्वांना उपलब्ध असतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) ‘टीसीपी विंडो’चे, म्हणजे पोच येण्याआधी किती माहिती पाठवता येते याचे, आकडे भरण्याचा उपाय विंडोज एक्सपीच्या काळी उपयोगी होता, कारण ही विंडो ६४ किलोबाइटवर थांबली तर १०० मिलिसेकंद अंतरावरील सर्व्हरकडून एका जोडणीवर जेमतेम पाच मेगाबिट वेग मिळतो. परंतु व्हिस्टापासून विंडोज हा आकार आपोआप जुळवते, आणि जुने आकडे हाताने भरल्याने नुकसानच होण्याचा संभव अधिक. वेग दुप्पट करून देण्याचे आश्वासन देणारे ‘बूस्टर’ प्रोग्राम तर घेऊच नयेत.

एका वेळी एकच बदल करून वेग पुन्हा मोजावा, म्हणजे कशाचा उपयोग झाला ते कळते. कशानेच फरक न पडल्यास ‘नेटवर्क रीसेट’ करता येते, परंतु त्याने साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसली जाऊ शकते, म्हणून ते तपशील आधी लिहून घ्यावेत. केबलने जोडलेल्या दोन वेगवेगळ्या संगणकांवर, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, वेग योजनेपेक्षा बराच कमी येत असेल, तर दोष संगणकात नसून राउटरमध्ये किंवा त्यापलीकडे असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी आपल्या मोजणीच्या नोंदी वेळेसह सेवापुरवठादाराकडे द्याव्यात.